आदेश, नोंद आणि अर्ज : मुक्तीनंतरच्या गोमंतकीयांचे नागरिकत्व

प्रास्ताविक

भारतीय नागरिकत्वाचा इतिहास लिहिताना अभ्यासक सामान्यतः फाळणीपासून सुरुवात करतात आणि आसामच्या प्रश्नापाशी येऊन थांबतात. हे दोन्ही विषय महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु या मार्गाने जाताना एक लहान भूप्रदेश वगळला जातो. तो म्हणजे १९६१ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात असलेला गोवा, दमण व दीव. लोकसंख्येच्या मानाने हा प्रदेश किरकोळ असला, तरी नागरिकत्व कायद्याच्या दृष्टीने तेथे जे घडले ते अन्यत्र क्वचितच आढळते.

नागरिकत्व म्हटले की अर्ज, चौकशी, शपथ आणि प्रमाणपत्र असा क्रम डोळ्यांसमोर येतो. गोमंतकीयांच्या बाबतीत हा क्रम उलटा होता. त्यांना भारताचे नागरिक होण्यासाठी अर्ज करावा लागला नाही. नागरिक न होण्यासाठी मात्र करावा लागला. दुसऱ्या बाजूला, पोर्तुगालच्या कायद्यानुसार त्यांचे जुने राष्ट्रीयत्वही काहीएक न करता कायम राहिले. ते कागदावर आणण्यासाठी केवळ एका नोंदीची गरज होती. एकाच माणसावर दोन राज्यांनी, त्याने काहीही मागितले नसताना, आपापला हक्क सांगितला. पुढील साठ वर्षांतील वाद या दोन गोष्टींमधून उद्भवले आहेत. त्यांचा उगम माणसांच्या निष्ठेत शोधण्यापेक्षा कायद्यांच्या रचनेत शोधणे अधिक फलदायी ठरते, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

पोर्तुगीज अमलातील दर्जा

ब्रिटिश हिंदुस्थानातील रहिवासी हा 'प्रजाजन' होता. गोव्यातील रहिवासी हा, निदान कागदावर, 'नागरिक' होता. १८२० च्या उदारमतवादी क्रांतीनंतर पोर्तुगालच्या संसदेत गोव्याला प्रतिनिधित्व मिळाले आणि १८२२ मध्ये बेर्नार्दो पेरेस द सिल्व्हा यांच्यासारखे गोमंतकीय त्या संसदेसाठी निवडले गेले. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता दोन-तीन वर्षांतच गोव्यात लागू झाली. हिंदूंच्या रूढींना १८८० च्या फर्मानाने स्वतंत्र मान्यता मिळाली. मात्र राज्याचा धर्म कॅथलिक असल्याने हिंदूंचे नागरिकत्व दीर्घकाळ दुय्यमच राहिले. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, धर्म व राज्य यांची फारकत झाली, आणि त्यानंतरच हिंदूंना शाळा, नोकऱ्या व सार्वजनिक जीवन यांत बरोबरीने पाऊल ठेवता आले.

प्रजासत्ताकाची आणखी एक देणगी या विषयाच्या दृष्टीने निर्णायक ठरली, ती म्हणजे नागरी नोंदणी. जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंद चर्चच्या वहीतून सरकारी वहीत आली. पाद्रीकडे बाप्तिस्म्याची नोंद असणारा ख्रिस्ती आणि अशी कोणतीही नोंद नसणारा हिंदू हे दोघेही आता एकाच कारकुनासमोर उभे राहिले. त्या कारकुनाने पोर्तुगीज भाषेत, पोर्तुगीज लिपिविन्यासात लिहिलेल्या ओळींवर पुढे तीन पिढ्यांचे भवितव्य ठरणार होते याची कल्पना तेव्हा कोणालाच असणे शक्य नव्हते.

सालाझार यांच्या राजवटीने १९३० च्या वसाहत कायद्याने ही बरोबरी पुन्हा मागे नेली. त्याच वर्षी लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या विधान परिषदेत त्याविरुद्ध ठराव मांडून स्वयंनिर्णयाचा हक्क सांगितला. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहती ठेवणे लाजिरवाणे होऊ लागले, तेव्हा पोर्तुगालने १९५१ मध्ये आपल्या घटनेत शब्दच बदलले. 'वसाहती' गेल्या आणि 'सागरपार प्रांत' आले. संयुक्त राष्ट्रसंघापुढे उत्तर देता यावे म्हणून केलेली ही युक्ती होती, आणि १९६० मध्ये महासभेने ती अमान्यही केली. परंतु देशांतर्गत कायद्यात या युक्तीचा परिणाम राहिला. २९ जुलै १९५९ च्या राष्ट्रीयत्व कायद्याने, क्रमांक २०९८ ने, पोर्तुगीज भूमीवर जन्मलेल्याला सामान्यतः जन्मतःच पोर्तुगीज मानले. गोवा हा 'प्रांत' असल्यामुळे मडगाव किंवा दीव येथे जन्मलेले मूल लिस्बनमध्ये जन्मलेल्या मुलाइतकेच मूळचे पोर्तुगीज ठरले. सालाझार यांनी राजकीय सोयीसाठी रचलेली ही कल्पित गोष्ट त्यांच्या पश्चात गोमंतकीयांच्या व्यावहारिक उपयोगाची ठरली, हा इतिहासातील एक विलक्षण विरोधाभास होय.

१९६२ चा आदेश

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. घटनेच्या बाराव्या दुरुस्तीने गोवा, दमण व दीव हा संघराज्य प्रदेश २० डिसेंबर १९६१ या पूर्वलक्षी दिनांकापासून भारतात समाविष्ट झाला. भूमी भारताची झाली. आता माणसांचे काय, हा प्रश्न होता. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ७ मध्ये त्याची तरतूद होती. एखादा प्रदेश भारताचा भाग झाल्यास, त्या प्रदेशाशी असलेल्या संबंधामुळे कोणत्या व्यक्ती भारताच्या नागरिक होतील हे केंद्र सरकार राजपत्रातील आदेशाने ठरवू शकते. त्यानुसार २८ मार्च १९६२ रोजी गोवा, दमण व दीव (नागरिकत्व) आदेश निघाला.

या आदेशाची भाषा थोडकी आहे, पण व्याप्ती मोठी आहे. जी व्यक्ती स्वतः, किंवा जिच्या आईवडिलांपैकी कोणी, किंवा जिच्या आजी-आजोबांपैकी कोणी २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जन्मले असेल, ती व्यक्ती त्या दिवशी भारताची नागरिक झाली असे मानले गेले. वास्तव्याची अट नव्हती, अर्ज नव्हता, शपथ नव्हती. तुलनेसाठी सिक्कीमचे उदाहरण घेता येईल. १९७५ मध्ये सिक्कीमसाठी जो आदेश निघाला तो आधीच अस्तित्वात असलेल्या 'सिक्कीम प्रजाजन' या दर्जावर उभा होता. गोव्याच्या आदेशाला मागील राजवटीने दिलेला दर्जा नको होता. त्याला जन्मस्थळ पुरेसे होते. मागील राजवट आक्रमक होती आणि तिने दिलेला दर्जा मानायचा नाही, ही भारताची भूमिका त्यातून स्पष्ट होते.

परंतु आदेशाला एक परंतुक होते. राजपत्रातील प्रसिद्धीपासून एक महिन्याच्या आत प्रशासकाकडे किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे लेखी घोषणा करून कोणीही आपले पूर्वीचे राष्ट्रीयत्व राखू शकत होते. एक महिना! त्याच वर्षी पुदुच्चेरीचे हस्तांतरण विधिवत पूर्ण झाले. भारत व फ्रान्स यांच्यातील १९५६ च्या तहाने तेथील रहिवाशांना फ्रेंच राष्ट्रीयत्व राखण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली होती, आणि ती तह अमलात आल्यापासून, म्हणजे १६ ऑगस्ट १९६२ पासून, मोजली गेली. फरकाचे कारण उघड आहे. पुदुच्चेरीच्या मागे दोन राष्ट्रांचा करार होता. गोव्याच्या बाबतीत पोर्तुगाल बोलणी करायलाच तयार नव्हते. ज्या राज्याने वाटाघाटीची दारे बंद केली होती, त्याच्या हट्टाची किंमत ही अशी त्याच्याच म्हणविल्या जाणाऱ्या नागरिकांनी मोजली. पण भारतानेही मुदत अधिक उदारपणे ठेवली असती तर बिघडले नसते, असेही म्हणावे लागते. शेतकरी, तारवटी, आफ्रिकेत नोकरीस गेलेला कारकून यांच्यापर्यंत राजपत्र महिनाभरात पोहोचणे कठीणच होते.

मोन्सिन्योर मोंतेरो यांचे प्रकरण

या परंतुकाचा उपयोग करणाऱ्यांपैकी एकाचे नाव विधिग्रंथांत कायमचे नोंदले गेले आहे. मोन्सिन्योर सेबाश्तियांव फ्रान्सिस्को झेवियर दोस रेमेदियोस मोंतेरो हे गोव्याचे रहिवासी असलेले धर्मगुरू. त्यांनी २७ एप्रिल १९६२ रोजी, मुदत संपता संपता, पोर्तुगीज राष्ट्रीयत्व राखण्याची घोषणा केली. त्या क्षणापासून ते आपल्याच गावात परकीय झाले. त्यांची परकीय म्हणून नोंदणी झाली व १३ नोव्हेंबर १९६४ पर्यंतचा निवासी परवाना मिळाला. मुदत संपल्यावर त्यांनी नूतनीकरण मागितले नाही. देश सोडण्याचा आदेश निघाला, तोही त्यांनी पाळला नाही. परिणामी परकीय व्यक्ती अधिनियम, १९४६ खाली (हा अधिनियम २०२५ मध्ये नव्या कायद्याने रद्द झाला) खटला भरला गेला आणि तीस दिवसांची साधी कैद व पन्नास रुपये दंड अशी शिक्षा झाली.

नूतनीकरणाचा अर्ज त्यांनी का केला नाही, हा या प्रकरणाचा गाभा आहे. अर्ज करणे म्हणजे परवानगी देणाऱ्याचा अधिकार मान्य करणे. मोंतेरो यांचा बचाव नेमका या अधिकारालाच आव्हान देणारा होता. गोवा हा व्याप्त प्रदेश आहे. व्याप्त प्रदेशातील संरक्षित व्यक्तीला हद्दपार करता येत नाही. जिनिव्हा करार भारताने १९६० च्या अधिनियमाने स्वीकारले आहेत, तेव्हा त्यांचे संरक्षण मिळावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च १९६९ रोजी तो फेटाळला. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा की, व्याप्ती आणि विलीनीकरण या दोन भिन्न अवस्था आहेत. लढाई संपली, प्रदेश भारतात कायमचा समाविष्ट झाला, त्याबरोबर व्याप्ती संपली आणि कराराचे त्या स्वरूपाचे संरक्षणही संपले. मोंतेरो यांना निवडीची संधी दिली गेली होती व त्यांनी ती वापरली होती. निवडीचे परिणाम मात्र भारतीय कायद्याप्रमाणे होणार होते.

या निकालाच्या दोनच महिने आधी, जानेवारी १९६९ मध्ये, मोहन रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले होते. सांगलीत जन्मलेले रानडे शिक्षक म्हणून गोव्यात गेले, सशस्त्र लढ्यात उतरले, १९५५ मध्ये पकडले गेले आणि गोवा मुक्त होऊनही सात वर्षे पोर्तुगालमध्ये बंदिवान राहिले. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी महाराष्ट्रात केलेली खटपट आणि तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोप यांच्याकडे टाकलेला शब्द मराठी वाचकांस परिचित आहे. रानडे व मोंतेरो ही दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. एक भारतीय पोर्तुगालच्या कोठडीत, एक पोर्तुगीज म्हणविणारा गोमंतकीय भारतीय न्यायालयात; आणि दोन्ही राज्ये एकमेकांशी बोलत नसल्यामुळे दोघांचाही मार्ग रोमच्या चर्चवर्तुळापर्यंत पोहोचलेला. मोंतेरो यांच्याविषयी राष्ट्रवादी लेखनात जी कटुता आढळते ती समजण्यासारखी आहे. तथापि कायद्याने दिलेला पर्याय एका माणसाने वापरला एवढाच त्यांचा 'अपराध' होता, हे विसरता कामा नये.

लिस्बनची बाजू

२५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीपर्यंत लिस्बनने गोवा गमावल्याचे कायद्याने मान्य केले नव्हते. क्रांतीनंतर चित्र बदलले. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्ली येथे भारताच्या वतीने परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण व पोर्तुगालच्या वतीने मारियो सोआरेस यांनी तहावर सह्या केल्या. ज्या दिनांकांना हे प्रदेश भारतीय घटनेप्रमाणे भारताचे भाग झाले, त्या दिनांकांपासून पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. त्यामुळे २० डिसेंबर १९६१ ही रेषा दोन्ही कायद्यांत एकच झाली. त्या दिवसानंतर गोव्यात जन्मलेला जन्मभूमीच्या आधारे पोर्तुगीज नव्हे. परंतु त्याआधी जन्मलेल्यांचे काय, हा प्रश्न तहाने निकालात काढला नाही.

त्याचे उत्तर पोर्तुगालच्या अंतर्गत कायद्यात मिळते. २४ जून १९७५ च्या ३०८-अ/७५ या फर्मानाने आफ्रिकेतील नव्याने स्वतंत्र होणाऱ्या प्रदेशांतील असंख्य लोकांचे पोर्तुगीज राष्ट्रीयत्व काढून घेतले. त्याच फर्मानाने, त्या प्रदेशांत राहणाऱ्या परंतु 'पूर्वीच्या भारत राज्यात' जन्मलेल्यांना मात्र घोषणा करून ते राखण्याची मुभा दिली. म्हणजे मोझांबिकमध्ये शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन माणसांपैकी तेथेच जन्मलेला आफ्रिकन बाहेर पडला आणि गोव्यात जन्मलेला आत राहू शकला. या भेदाची चर्चा गोव्यातील लेखनात फारशी होत नाही. ती व्हावयास हवी. जे गोव्यातच राहिले होते त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वेच्छेने घेतले नव्हते, ते आदेशाने त्यांच्याकडे आले होते. त्यामुळे पोर्तुगालच्या दृष्टीने त्यांचे मूळ राष्ट्रीयत्व नष्ट झालेच नव्हते. पुढे ३ ऑक्टोबर १९८१ च्या ३७/८१ या कायद्याने परदेशात जन्मलेल्या पोर्तुगिजांच्या मुलांना नोंदणीने जन्मापासूनचे राष्ट्रीयत्व मिळू लागले. या कायद्यात नंतर अनेक दुरुस्त्या झाल्या आहेत.

येथून कथा कार्यालयांच्या खिडक्यांकडे वळते. १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेले, तेव्हा या जुन्या हक्काला बाजारभाव आला. पूर्वी आफ्रिका व आखाताकडे पाहणारा गोमंतकीय तरुण आता इंग्लंडकडे पाहू लागला. स्विंडनमध्ये गोमंतकीयांची, लेस्टर व वेंबली परिसरात दमण-दीवच्या कुटुंबांची वस्ती वाढली. हा केवळ ख्रिस्ती समाजाचा प्रश्न आहे, ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते. दीवचा गुजराती भाषक आणि फोंड्याचा हिंदू या दोघांचाही आजोबा त्याच वहीत नोंदलेला असतो. ब्रिटनने २०१६ मध्ये युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला व ३१ डिसेंबर २०२० रोजी संक्रमणकाळ संपला. तोपर्यंत पोहोचणाऱ्यांची घाई या इतिहासाचाच एक भाग आहे.

या प्रक्रियेत सर्वांत अवघड काम लिस्बनमध्ये नव्हे, तर गोव्यातच करावे लागते. प्रथम पोर्तुगीज काळातील जन्मनोंदीचा संपूर्ण उतारा काढावा लागतो; तो 'तेओर' या नावाने ओळखला जातो. मग आईवडिलांच्या विवाहाची नोंद, भाषांतर आणि प्रमाणीकरण. भारत २००५ मध्ये हेग येथील अपोस्टिल करारात सामील झाल्यावर प्रमाणीकरण सुकर झाले, आणि पणजीतील पोर्तुगालचा वाणिज्य दूतावास जवळच होता. परंतु खरी अडचण नावांची होती. जुन्या वहीत 'कामोतिम' असलेले कुटुंब आता कामत लिहिते, 'पोरोबो' प्रभू झाले, नावामागचा 'सिनाय' कोणी ठेवला, कोणी सोडला. मुक्तीनंतर नावे मराठी-कोकणी वळणावर आणणे हा स्वत्वाचा भाग होता. गोव्यात नाव व आडनाव बदलासाठी १९९० मध्ये स्वतंत्र कायदाही झाला. ज्या आजोबांनी अभिमानाने 'कामोतिम' टाकून कामत लावले, त्यांच्या नातवाला ते दोघे एकच होते हे प्रतिज्ञापत्रावर सांगावे लागले.

नोंद की संपादन?

भारतीय कायद्याचा पेच येथे सुरू होतो. नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ९ नुसार जो भारतीय नागरिक दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने 'संपादन' करतो त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. १९५६ च्या नियमांतील तिसऱ्या परिशिष्टाने परदेशी पासपोर्ट घेणे हा अशा संपादनाचा निर्णायक पुरावा मानला. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये इझहार अहमद खान प्रकरणात तो नियम वैध ठरविला. त्या खटल्याच्या मागे पाकिस्तानी पासपोर्टचे प्रश्न होते. गोव्याचा विचार नियम करणाऱ्यांच्या मनात असण्याचे कारण नव्हते. २००९ च्या नव्या नियमांतही हा पुरावा कायम राहिला.

ज्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला त्याच्याविषयी म्हणून फारसा वाद उरत नाही. वाद आहे तो ज्याने केवळ लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद केली आणि तेथेच थांबला त्याच्याविषयी. पोर्तुगालच्या कायद्याप्रमाणे ही नोंद नवे काही देत नाही. जे जन्मतः होते ते ती कागदावर आणते. जे आधीच होते ते 'संपादन' कसे करणार, हा एका बाजूचा युक्तिवाद. दुसरी बाजू अशी की, भारत १९६१ पूर्वीचा तो दर्जा भारतीयाच्या बाबतीत मानतच नाही. त्यामुळे नोंद करणे हीच स्वेच्छेची कृती ठरते. दोन्ही युक्तिवाद आपापल्या कायद्यात सुसंगत आहेत, आणि अडचण नेमकी तीच आहे. निवडणुकीतील उमेदवारी आणि मतदारयादीतील नाव अशा निमित्तांनी हा वाद गोव्यात वारंवार उफाळला. कलम ९ च्या पोटकलम २ प्रमाणे निर्णय केंद्र सरकारनेच करावयाचा असल्याने न्यायालयांतून तो पुन्हा दिल्लीकडे जातो. मोंतेरो यांना निदान एक महिना आणि एक खिडकी मिळाली होती. एखाद्या मध्यस्थाच्या सांगण्यावरून सही करणाऱ्या सासष्टीतील वृद्धेला आपण काही 'निवडत' आहोत याची जाणीव असेलच असे नाही.

त्यात २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाच्या एका ज्ञापनाने भर पडली. परदेशी नागरिकत्व घेतल्यावरही भारतीय पासपोर्ट बाळगलेल्यांचा पासपोर्ट परत घेण्याऐवजी रद्द केला जाऊ लागला. पासपोर्ट परत केल्याचे प्रमाणपत्र नाही, म्हणून 'भारताचे परदेशस्थ नागरिक' या नोंदणीचा मार्गही बंद, अशा कात्रीत अनेक कुटुंबे सापडली. २०२४ मध्ये पूर्वीच्या पोर्तुगीज प्रदेशांतील लोकांपुरते, पासपोर्ट रद्द केल्याचे प्रमाणपत्र पर्याय म्हणून स्वीकारण्यास मान्यता मिळाली आणि ही कोंडी काही अंशी सुटली. केवळ नोंदीपाशी थांबलेल्यांचा प्रश्न त्याने सुटला नाही.

परदेशस्थ नागरिकत्वाची योजना २००३ च्या दुरुस्तीने प्रथम सोळा देशांपुरती आली, त्यांत पोर्तुगाल होतेच. तिच्या पात्रतेच्या कलमांत, १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारताचा भाग झालेल्या प्रदेशातील व्यक्ती आणि तिची मुले, नातवंडे व पतवंडे यांचा उल्लेख आहे. या कलमाखाली अर्ज करणारा पोर्तुगीज नागरिक पुरावा म्हणून आजोबांचा गोव्यातील जन्म दाखवतो. १९६२ च्या आदेशाने त्याच जन्मावरून त्या आजोबांना भारतीय केले होते, आणि लिस्बनने त्याच जन्माच्या उताऱ्यावरून नातवाला पोर्तुगीज केले. तिन्ही वेळा दाखवली जाणारी ओळ गोव्यातील नोंदणी कार्यालयाच्या त्याच जुन्या वहीत, त्याच पानावर, पोर्तुगीज कारकुनी हस्ताक्षरात आहे.